वळणावर बंद पडणारं मशीन

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा ती काउंटरच्या बाहेर गुडघ्यांवर बसून घरंगळलेला स्क्रू शोधत होती. त्यामुळे आधी तिला दिसले ते त्याचे बूट. त्यांच्यावर निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगाचे शिंतोडे होते, आणि एक बूट नेमका स्क्रूवर पडण्याच्या बेतात होता.

"हलू नका," ती वर न बघताच म्हणाली.

बूट हवेतच थांबला. स्क्रू चिमटीत घेऊन ती उठली, तेव्हा समोरचा माणूस एका पायावर उभा होता. हातात जड पिशवी, चेहरा अगदी गंभीर. पाय आता टेकवला तर चालेल का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. हसू येत होतं, ते तिनं स्क्रूबरोबर डबीत टाकलं आणि काउंटरच्या मागे गेली.

दुकान तिच्या आत्याचं होतं. ड्रिल, ग्राइंडर, करवती, पाण्याचे पंप... विजेवर फिरणारं काहीही तिथं दुरुस्तीला यायचं. आत्या मागच्या खोलीत बसून जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची. तिची जीभही बोटांइतकीच चालायची, आणि मधल्या दाराला पडदा नसल्यामुळे काउंटरवरचं सगळं तिला ऐकू जायचं. भाचीनं पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. मग वर्षभर एका प्रयोगशाळेत आकडे टिपले. ते आकडे कोणाच्या कामाचे आहेत हे तिथं कोणालाच सांगता येईना, तेव्हा ती इथं येऊन बसली. आपण केलेलं चाललं की नाही, हे इथं निदान संध्याकाळपर्यंत कळायचं.

पिशवीतून निघालं ते जिगसॉ. लाकूड नागमोडी कापायचं छोटं मशीन. वर मूठ, खाली सतत वरखाली होणारं बोटभर पातं. तो नाटकांचं नेपथ्य करायचा. झाडं, खिडक्या, डोंगर, सगळं प्लायवूडमधून कापायचं असतं, त्यानं सांगितलं. मशीन सरळ रेषेत छान चालतं आणि वळण आलं की बंद पडतं. जरा दम खाल्ला की आपोआप सुरू होतं.

"थकतं बहुतेक," तो म्हणाला.

"मशीन थकत नाही."

"मग रुसत असेल."

"रुसतही नाही. आत कुठंतरी जोड सुटत असणार."

"असेल... पण मग दर वेळी वळणावरच का सुटतो?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. लोक येऊन म्हणायचे, चालत नाही, बघा. कधी चालत नाही, कुठं चालत नाही, हे काढून घेताना तिच्या नाकी नऊ यायचे. हा माणूस नेमकं तेच सांगत होता. त्यानं पावतीवर झोकदार सही केली आणि जाताना दारात पुन्हा एकदा पाय उचलून खाली बघितलं. मुद्दामच. या वेळी तिला हसू लपवता आलं नाही.

मशीन तिनं त्याच दुपारी उघडलं. मोटारीला वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजले होते, ते बदलले. स्विच साफ केला. बाहेरची वायर टोकापासून टोकापर्यंत वाकवून, ओढून बघितली. मीटर लावून प्रत्येक जोड तपासला. मग मशीनची मूठ परत जोडून प्लायवूडच्या तुकड्यावर सरळ कापलं, वळवून कापलं, इतकं वळवलं की पातं वाकायची भीती वाटली. मशीन एकदाही बंद पडलं नाही. कार्बनच असणार, असं धरून तिनं ते परत दिलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी एका हातात पिशवी होती आणि काखेत ढग.

ढग दाराएवढा होता, प्लायवूडचा, अजून न रंगवलेला. तो आडवा करून, तिरका करून, शेवटी उभा करून त्यानं आत आणला. आत्यानं मागच्या खोलीतून मान काढून हे सगळं पाहिलं आणि त्या क्षणापासून त्याचं नाव ढगवाला पडलं.

"पुरावा आणलाय," तो म्हणाला.

ढगाची कडा रेशमासारखी कापलेली होती. पण जिथं जिथं घट्ट वळण होतं, तिथं लाकूड ओरबाडल्यासारखी खाच पडली होती. मशीन मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं की अशीच खाच पडते. तिनं कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. तोही पलीकडच्या टोकापासून एकेक खाच दाखवत येत होता. ही इथं... ही इथं... दोघांची बोटं एकाच खाचेशी आली आणि थांबली. कोणाचं आधी मागे गेलं हे सांगणं कठीण. ढग मात्र जरा डगमगला.

खरं म्हणजे त्याच वेळी त्याच्या हातात मशीन देऊन, कापून दाखवा, म्हणायला हवं होतं. पण आत्याच्या दुकानाचा एक नियम होता: गिऱ्हाइकाच्या हातात चालू मशीन द्यायचं नाही. फार पूर्वी कुणीतरी ग्राइंडरचा बिघाड दाखवता दाखवता काउंटरच चिरला होता. तेव्हापासून मशीन चालवायचं ते दुकानातल्या माणसानं, गिऱ्हाइकानं पलीकडे उभं राहून बघायचं. तेव्हा तिनं कापलं आणि तो पलीकडून सांगत राहिला, अजून वळवा, अजून. मशीन शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. त्याचा चेहरा पडत गेला.

"माझ्या हातात आलं की करतं," तो शेवटी म्हणाला.

मागच्या खोलीतून आत्याच्या हसण्याचा आवाज आला.

मशीन ठेवून तो गेल्यावर आत्या बाहेर आली, वॉर्निशचा वास घेऊनच. त्या मशीनला काहीही झालेलं नाही, जे झालंय ते त्या ढगवाल्याला झालंय, असं तिनं जाहीर केलं. असे लोक तिनं पाहिले होते. चांगलं चालणारं ड्रिल घेऊन एक जण तिच्याही काउंटरवर वर्षभर येत असे, असं ती पूर्वीही बऱ्याचदा सांगायची.

"मला तर आवडला बाई," आत्या म्हणाली. "खोटं बोलतो, पण कष्टानं बोलतो. एवढा ढग उचलून आणला त्यानं."

दुसरी कुणी असती तर लाजली असती. ती मात्र काउंटरवरच्या मशीनकडे बघत राहिली.

तो तिला आवडायला लागला होता, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. ती मशीन हातात घेऊन निरखू लागली की तो बडबड थांबवायचा, हे तिनं टिपलं होतं. ढगाच्या लाकडावरून तो जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचा, हेही टिपलं होतं. पण बिघाड बनावट असेल तर? माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, पगाराबद्दल बोलतात, भाजी झकास झाली म्हणतात... ते तिनं चालवून घेतलं असतं. मशीनबद्दलचं खोटं वेगळं. मशीनजवळ माणूस हात नेतो तो कुणाच्या तरी शब्दावर. त्या बाबतीत जो गंमत म्हणून खोटं बोलू शकतो, त्याचं बाकीचं कुठलं बोलणं तिनं खरं मानायचं? दोनच शक्यता होत्या. एक तर मशीनमध्ये खोट होती, नाहीतर माणसात. मशीन खराब निघावं अशी ती मनापासून इच्छा करत होती, आणि दुरुस्ती करणाऱ्या बाईनं अशी इच्छा धरावी हे तिचं तिलाच विचित्र वाटत होतं.

तिनं ते पुन्हा पूर्ण उघडलं. स्विच बदलून पाहिला, मोटार तासभर चालवत ठेवली. काहीच सापडलं नाही. तो न्यायला आला तेव्हा पावतीवर तिच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: दोष आढळला नाही.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी खोटं बोलतोय."

"म्हणजे मला सापडला नाही."

"इथं तसं लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. त्यानं पिशवी उचलली, ढग काखेत घेतला आणि निघाला. ढग दारात अडकला. त्याला सोडवायला आत्याला बाहेर यावं लागलं. एरवी या प्रकारावर ती पुढचे आठ दिवस बोलली असती. पण भाचीचा चेहरा बघून काही न बोलता आत गेली.

नंतर बरेच दिवस तो आला नाही. ती ग्राइंडर दुरुस्त करत होती, पंप दुरुस्त करत होती. दारात कुणाचीही सावली पडली की वर बघत होती, आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा मान खाली घालत होती.

तो आला तेव्हा सकाळ होती आणि दुकान नुकतंच झाडून झालं होतं. पिशवी त्यानं काउंटरवर ठेवली. उजव्या हाताच्या एका बोटाला जाडजूड पट्टी होती.

काय झालं ते त्यानं सरळ सांगितलं. वळणावर मशीन बंद पडलं. कापायची रेघ भुशाखाली गेली होती, म्हणून त्यानं मोकळ्या हातानं भुसा झटकला. तेवढ्यात मशीन सुरू झालं. टाके पडलेत, पण बोट शाबूत आहे. प्लग काढायला हवा होता, चूक आपलीच, असंही त्यानं जोडलं. तिसऱ्यांदा त्रास देतोय, पण हे असंच वापरायचं धाडस आता होत नाही.

आत्या मधल्या दारात येऊन उभी होती. या वेळी तिला हसू आलं नव्हतं.

भाचीला आधी पावतीवरचे शब्द आठवले. दोष आढळला नाही. अक्षर तिचंच होतं. मग ती त्या पट्टीकडे बघत राहिली. इतका वेळ, की त्यानं संकोचून हात मागे घेतला. पट्टी उजव्या हाताला होती. उजव्या हातात तर मशीन असतं. मशीन धरलेला हात पात्याखाली कसा जाईल?

"मशीन कुठल्या हातात होतं?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"पण सही तुम्ही उजव्या हातानं केलीत. मी पाहिलं होतं."

"लिहायला शाळेत उजवा लावला. मारून मुटकून," तो म्हणाला. "बाकी सगळं डावंच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही... आणि ते सांगण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं."

आत्या स्टुलावर बसली. भाचीनं काउंटरची उचलायची फळी वर केली आणि त्याला म्हणाली, "आत या."

नियमाची आठवण करून द्यायला आत्यानं तोंड उघडलं, बोटाच्या पट्टीकडे पाहिलं आणि मिटलं. मग तीच उठली, प्लायवूडचा तुकडा शोधून आणला, टेबलाला घट्ट आवळून बसवला आणि त्यावर पेन्सिलीनं एक घट्ट वळण काढून दिलं. उजवा हात पाठीमागे ठेवा, असं त्याला बजावलं. भाची भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

त्यानं डाव्या हातात मशीन घेतलं. सरळ रेषेत ते गुणगुणत गेलं. वळण आलं, त्यानं मूठ घट्ट दाबून मशीन वळवलं, आणि आवाज थांबला.

बंद पडलेल्या मशीनचा कुणाला इतका आनंद झाला असेल असं तिला वाटलं नाही. तिनं बटण बंद केलं आणि प्लग काढून हातात घेतला.

"सोडू नका. जसं धरलंय तसंच राहू द्या."

ती वाकून त्याचा हात बघायला लागली. उजव्या हाताचा माणूस मूठ धरतो तेव्हा त्याचा तळहात मुठीच्या दोन प्लास्टिक कवचांपैकी उजव्या कवचावर बसतो. याचा तळहात डाव्या कवचावर होता, आणि वळण घेताना सगळा जोर तिथं येत होता. कुठं येतो ते बघायला तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. ते आवश्यक होतं. तिथून तो लगेच न काढणं तितकंसं आवश्यक नव्हतं.

मग तिनं प्लगच्या पिनांना मीटर लावला. त्यानं मशीनचं बटण दाबून धरायचं होतं. जोड पक्का असेल तोवर मीटर बारीक शीळ घालतो.

"आता मूठ दाबा."

शीळ थांबली.

"सैल सोडा."

शीळ परत आली.

"दाबा... सोडा. पुन्हा दाबा."

तो दाबत होता, सोडत होता, आणि मीटरकडे न बघता तिच्याकडे बघत होता. तिला ते मान वर न करताही कळत होतं.

"पुरे की आता," आत्या म्हणाली. "सापडला ना एकदा."

मूठ उघडल्यावर तिनं या वेळी फक्त डावं कवच पाहिलं. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक बारीक पट्टी होती, कवचाला ताकद यावी म्हणून ठेवलेली. तिच्याखालून एक वायर जात होती. वरून वायर अगदी धडधाकट, लाल, गुळगुळीत. पण चिमट्यात धरून वाकवली तर पट्टीखालच्या जागी ती पोकळ नळीसारखी मुडपली. तिनं वरचं आवरण कापलं. आत तांब्याच्या तारांची टोकं एकमेकांसमोर नुसती टेकून उभी होती.

तिनं त्याला दाखवलं. कवच दाबलं की ही पट्टी वायरवर येते आणि टोकं बाजूला होतात. हात सैल पडला की पुन्हा टेकतात. म्हणून ते थकल्यासारखं वाटायचं. उघडून बघितलं की दाब नाही, उजव्या हातात धरलं की या बाजूला जोर नाही.

"आणि या तारा तोडल्या कुणी?" त्यानं विचारलं.

"तुमच्या तळहातानं. रोज थोड्या थोड्या."

"म्हणजे शेवटी दोष माझाच."

"नाही," ती म्हणाली. "हे मशीन उजव्या हाताचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनवलंय. मीही तसाच माणूस डोळ्यांपुढे ठेवून तपासलं."

तिनं नवी वायर घातली, ती पट्टीपासून लांबून फिरवून नेली आणि पट्टीची धार कानशीनं घासून काढली. हे काम ती जरा हळूहळूच करत होती. त्यानं आत्यानं काढलेल्या वळणावर पुन्हा कापलं, मग त्याहून घट्ट वळणावर, मग उलट्या वळणावर. मशीन थांबलं नाही. जमिनीवर नागमोडी तुकडे पडले.

"तुम्ही खरं सांगत होता," ती म्हणाली. "मी ते मशीनला विचारलं आणि तुम्हाला विचारलं नाही. त्यात तुमचं बोट..."

"बोट बरं होईल." त्यानं मशीन खाली ठेवलं. बुटानं भुसा एका बाजूला सारला. "एक गोष्ट मात्र मी सांगितलेली नाही."

तिनं मान वर केली. आता... हे सगळं झाल्यावर?

"आमच्या कार्यशाळेच्या जिन्याखालीच दुरुस्तीचं एक दुकान आहे," तो म्हणाला. "चांगलं आहे. पहिल्यांदा ते बंद होतं, म्हणून शोधत शोधत इथं आलो."

"आणि नंतर?"

"नंतर उघडंच होतं."

तिनं ते मनात सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, सवयीनं. बिघाड खरा होता. तक्रार खरी होती. जवळ दुसरं दुकान नाही असं तो कधी म्हणाला नव्हता. कुठंही जोड सुटलेला नव्हता.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तशाच आवाजात, फक्त थोडं हळू. "पण मशीन धड निघालं असतं, तर हे मी कधीच सांगितलं नसतं."

त्यानं जमिनीवरचा एक नागमोडी तुकडा उचलून बोटांत फिरवला.

"मग बिघडलं ते बरंच झालं," तो शेवटी म्हणाला.

"बोट कापलं ते नाही."

"नाही, ते नाही," त्यानं कबूल केलं, आणि मग दोघंही हसली. मागच्या खोलीत आत्या एका बिचाऱ्या मोटारीवर उगाचच जोरजोरात ठोकत होती. आपण काही ऐकत नाही, हे साऱ्या गल्लीला कळावं इतक्या जोरात.

निघताना पिशवी तिनं उचलली. टाके असताना वजन उचलू नये, ती म्हणाली. टाके उजव्या हाताला आहेत आणि वजन आपण डाव्यानं उचलतो, असं त्यानं सांगून पाहिलं. माहीत आहे, ती म्हणाली आणि पायरी उतरली.

ती दोघं रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालली. तो नाटकाबद्दल सांगत होता. पडदा उघडताना पहिलं काय दिसतं, लांबच्या प्रेक्षकाला कुठली चूक दिसत नाही. ती मधून मधून विचारत होती. कार्यशाळेचा जिना आला. जिन्याखालच्या दुकानात एक जाडसर गृहस्थ पंख्याचं पातं पुसत बसले होते. त्यांनी तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे मशीन इतके दिवस माझ्या दारावरून येतंय-जातंय," ते त्याला म्हणाले. "आमच्या कामात काही खोट दिसली का तुम्हाला?"

ढगवाल्याचे कान लाल झाले. तो पायाखालच्या फरशीत काहीतरी शोधायला लागला.

"तुमच्या कामात काही खोट नाही," तिनं त्यांना सांगितलं.

"मग?"

याचं उत्तर भर रस्त्यात, अनोळखी माणसाला, नेमक्या शब्दांत कसं द्यावं हे तिला कळेना. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं त्याचा हात धरला. पट्टी नसलेला.

गृहस्थांनी ते बघितलं. "अस्सं," ते म्हणाले, चष्मा खाली घेतला आणि पुन्हा पंख्याचं पातं पुसायला लागले.